जवाच्या पाण्याचा उन्हाळा

परवा हैदराबादेत हिमायतनगरच्या सिग्नलला रिक्षा थांबली. कडेला एक जण कूलरच्या जाळ्यांत नवा वाळा ठासत बसला होता. भरून झालेल्या जाळीवर त्यानं बादलीतलं पाणी ओंजळीनं मारलं, आणि मी एकटीच मोठ्यानं म्हणाले, "वाळा. नवा. मुळाची माती अजून धुतलेली नाही." रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. "क्या बोले अम्मा?" "कुछ नै भाई, तुम चलो," मी म्हणाले आणि पदर सावरून अगदी शहाण्या बाईसारखी बसले.

ही माझी खोड आहे. वास आला की बोलून टाकायचा. कुणी विचारो न विचारो. फोडणीत हिंग पडला की "हिंग", शेजारच्या खिडकीत इस्त्रीखाली ओला शर्ट चर्र झाला की "गरम सुती". मुलगा वैतागतो. "आई, तुझी कॉमेंट्री म्यूट कर ना प्लीज," म्हणतो. त्याला वाटतं, वय झालंय. वयाचा काही संबंध नाही. खोड लागली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, लग्नाला वर्ष व्हायचं होतं, आणि विद्यानगरच्या घरात माझे सासरे मागच्या पडवीत बिअर करत होते.

हे वाक्य लिहिताना आजही हात जरा अडखळतो. मी पुण्याची. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर अल्कोहोल असा शब्द दिसला, तर माझी आई ती बाटली देवघराकडे पाठ करून ठेवायची. आणि दुसरं म्हणजे आमच्याकडे चाखून स्वयंपाक करायची पद्धतच नव्हती. नैवेद्य दाखवायच्या आधी जिभेला लावलं की ते उष्टं. मीठ चिमटीनं ओळखायचं, आमटी उकळीच्या आवाजानं, आणि चुकलं तर देवानं आणि घरच्यांनी सांभाळून घ्यायचं. चुलीवरच्या भांड्यातलं चमचाभर तोंडात घालून पाहायचं, हे मी जन्मात केलं नव्हतं. आणि गाठ पडली ती सत्तावीस वर्षं चाखणं हीच नोकरी असलेल्या माणसाशी.

बाबा, म्हणजे माझे सासरे, गावाबाहेरच्या एका बिअरच्या कारखान्यात चव घेणारे होते. त्यांचं घराणं मूळचं नांदेडकडचं, शेतकऱ्याचं. निजामाच्या काळापासून हैदराबादला येऊन राहिलेलं. रोज अकराच्या सुमाराला, पोट रिकामं असताना, त्यांच्यासमोर पेले मांडले जात. ते हुंगत, एक घोट घेत, आणि आजचा माल बाहेर जाईल की नाही ते सांगत. ते स्वतः दारुडे मुळीच नव्हते. उलट नाकासाठी त्यांनी संन्याशाची पथ्यं पाळली होती. पान नाही, तंबाखू नाही, घरात वासाचा साबण नाही. आई, म्हणजे सासूबाई, गजरा माळायच्या तो फक्त रविवारी. मोगरा नाकात बसला की दुसऱ्या दिवशी बाबांना काही सुचत नसे.

मग राज्यात दारूबंदी आली. गंमत अशी की त्याच दिवसांत बाकी सगळं जग उघडत होतं. केबलवर परदेशी चॅनेल आले होते, चौकाचौकात परदेशी थंड पेयांच्या लालनिळ्या पाट्या लागल्या होत्या, पुढं आमच्या लग्नानंतर माझा नवराही सहा महिन्यांसाठी अमेरिकेला काँप्युटरच्या कामावर गेला होता आणि रविवारी सकाळी त्याच्या फोनसाठी मी चहा सोडून दिवाणखान्यात बसून असायची. जो तो कुठंतरी निघाला होता. बाबा तेवढे घरी आले होते. आईंनी मात्र कारखाना बंद पडल्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून रोज गजरा माळायला सुरुवात केली. "आता कशाचं पथ्य?" म्हणायच्या.

कारखान्यातून निघताना बाबांनी दोन गोष्टी आणल्या होत्या. एक, हॉप्सच्या वाळलेल्या कडू फुलांचा पत्र्याचा डबा. दुसरी, थर्मासमध्ये घालून आणलेलं यीस्ट. ते त्यांनी फ्रिजमध्ये साखरपाणी पाजून जगवलं होतं. आई त्याला विरजण म्हणायच्या आणि बिअरला जवाचं पाणी. "ते विरजण जपा माय, भाजीवाल्या कप्प्यात ठेवू नका," असं ऐकलं की कुणाला वाटावं घरात फार कडक सोवळं चालतं. कायद्यानं गुन्हाच होता, हे आम्हा तिघांना माहीत होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. ती बिअर आम्हा तिघांच्या पलीकडे कुणाला दाखवली नाही.

महाशिवरात्र झाली आणि एक दिवस बाबा म्हणाले, "चल बेटा, जव आणू. तुला शिकवतो." मला? मी आईंकडे पाहिलं. त्या तांदूळ निवडत होत्या. "जा की," म्हणाल्या, "सारखी फोनकडं बघत बसायलीस."

बेगम बाजारातल्या दुकानात पोत्यापोत्यांतून हिंडत बाबांनी जवाचे दाणे उचलून दाताखाली फोडले, दोन पोती नाकारली, तिसऱ्यातलं मापायला सांगितलं. दुकानदार म्हातारा, मेंदी लावलेल्या दाढीचा. म्हणाला, "इत्ता जौ? घोडा पाले क्या साब?"

बाबा शांतपणे म्हणाले, "नै मियाँ, बहू को पथरी हो गई. डाक्टर बोले, जौ का पानी पिलाओ."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे इतक्या करुणेनं पाहिलं की मला खरंच कळ आल्यासारखं झालं. पुढं दोन वेळा गेलो तेव्हा दोन्ही वेळा त्यानं आधी माझ्या पथरीची चौकशी केली आणि मूठभर जास्त जव घातले. ती मूठ अजून माझ्या मनावर आहे.

त्या उन्हाळ्याची आठवण चवींनी लागते, तारखांनी नाही. आधी कोरडा दाणा. तो चावला तर तोंडात नुसतं पीठ आणि गवताची काडी. मग दोन दिवस भिजवलेला, मग ओल्या फडक्याखाली मोड आलेला. हे काम आईंचं. नाचणीचं सत्त्व करून करून त्यांचा हात बसलेला. मोडाला किती उबारा लागतो ते त्यांना फडक्यावरून हात फिरवून कळायचं. चौथ्या दिवशी बाबांनी फडकं उचललं आणि मला म्हणाले, "वास घे."

"छान येतोय," मी म्हणाले.

"छान म्हणजे काय? छान ही चव नव्हे. छान हा शब्द या पडवीत बंद." त्यांनी वही उघडली, पेन काढलं. "कशासारखा येतो सांग."

मी डोळे मिटले. पडवीबाहेर ऊन होतं, पेरूच्या झाडावर साळुंक्या भांडत होत्या. मग एकदम आमच्या पुण्याच्या घराची गच्ची आली, आईनं कोशिंबिरीसाठी चोचवलेली काकडी आली. "काकडी," मी म्हणाले. "नुकती कापलेली. देठाकडची."

बाबांनी लिहिलं: काकडी, देठाकडची. खूश झाले. मला तेव्हा वाटलं, शिष्येवर खूश झाले.

मोड आलेले जव गच्चीवर वाळवले. हैदराबादचं मार्चचं ऊन त्या कामाला अगदी लायक. मग कढईत मंद भाजले. तेव्हा घरभर बिस्किटांच्या भट्टीचा वास फिरला, आणि शेजारच्या तेलुगू काकूंनी भिंतीवरून विचारलं, "एमी चेस्तुन्नारु, अम्मा?" आईंनी सांगितलं, "मेतकूट." भरडलेल्या जवांवर गरम पाणी ओतून पातेलं दुलईत गुंडाळून ठेवलं. सुरुवातीला मला पळीनं चाखायला लावलं तेव्हा पेज. बेचव, आजारी माणसाची पेज. मी तोंडात धरून उभी राहिले. गिळू की नको. डोक्यात आईचा आवाज, उष्टं उष्टं. बाबा हसले. "देव काही म्हणणार नाही गं. हा नैवेद्यच नव्हे." तासाभरानं त्याच पातेल्यातलं चाखलं तर गोड! साखरेचा कण घातला नव्हता. दाण्यानं स्वतःच स्वतःला गोड केलं होतं, दुलईच्या आत, कुणी बघत नसताना. मी लगेच आणखी एक पळी घेतली, मग आणखी एक. "काकवी," मी म्हणाले, "पण पातळ. आणि मागून भाजलेला मका." जन्मभर आपण भांड्याशी उभ्या राहतो आणि आत काय चाललंय ते कधी विचारत नाही, असं काहीतरी मनात येऊन गेलं. आईची फार आठवण आली, आणि तिची थोडी कीवही.

हॉप्स घालून उकळल्यावर कडूजहर. कडुनिंबाचा पाला आणि संत्र्याची साल. बरणीत यीस्ट पडल्यावर तिसऱ्या दिवशी कच्चा पेरू. सातव्या दिवशी पावाच्या बेकरीची मागची बाजू. मी बोलायची, बाबा लिहायचे. त्या वहीत कारखान्याच्या पद्धतीचे रकाने आखलेले होते, आणि त्यात माझे शब्द: ओलं पोतं, पिकून काळं पडलेलं केळ, नव्या वहीचं पान. कूलरसमोर ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या बरण्या बुडबुडत असायच्या आणि दुपारची त्या बुडबुड्यांवर मला झोप लागायची. झोपेतही मी चवींना शब्द शोधत असे.

मार्च संपता संपता कूलरला नवा वाळा लावला. पहिला झोत आला तसं आईंनी आणि मी एकदमच डोळे मिटले. बाबा समोर पेपर वाचत होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "जाळ्या बदलल्या का?" मला वाटलं, बातमीत गुंग आहेत.

पाडव्याला, म्हणजे इथल्या उगादीला, शेजारच्या काकूंनी वाटीतून पच्चडी पाठवली. कडुनिंबाचा मोहोर, गूळ, चिंच, कैरी, मिरची, मीठ. सहा चवी एका वाटीत. वर्षभर सगळं सोसता यावं म्हणून. बाबांनी चमचाभर जिभेवर घेतली, डोळे मिटले आणि अंगठ्यानं बोटांच्या पेरांवर मोजलं. "सहाच्या सहा आहेत," म्हणाले. एवढ्यानं माणसाचे डोळे कशाला भरावेत? मी हसले. मिरची लागली असेल म्हणून पाणी दिलं.

त्याच सुमाराला बंदी उठली. फटाके वाजवणारेही होते. बाबांनी दुसऱ्या बरणीची तयारी काढली.

या दुसऱ्या बरणीत माझा पराक्रम आहे. उकळून गार केलेल्या रसात यीस्ट घालायच्या आधी भरपूर हवा जावी लागते. बाबा आंघोळीला जाताना म्हणाले, "चांगलं घुसळून ठेव." घुसळ म्हटल्यावर मराठी बाई काय आणणार? मी आईंची ताकाची रवी आणली. धुतली, दोनदा धुतली, उन्हात धरली आणि असा फेस काढला की लोण्याचा गोळाच वर यावा. लाकडाच्या त्या खाचांमध्ये वर्षानुवर्षांचं ताक वस्तीला आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाटल्या उघडल्या त्या दिवशी पहिला वास मला आला. तीन दिवसांचं ताक. चाखली तर दात आंबले. आईंनी रवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बाबांनी घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला.

"छान आहे," म्हणाले.

वहीत मात्र काही लिहिलं नाही. मी खोलीत जाऊन रडले. किती मोठं मन, मला वाटत होतं. सत्तावीस वर्षं ज्या जिभेनं कुणाची भीड ठेवली नाही, ती माझ्यासाठी खोटं बोलली. आणि तरी कुठंतरी मनाला टोचत होतं की त्यांनी पेला ओठांशी नेण्याआधी नाकाशी धरलाच नव्हता.

टोचलं त्याचं उत्तर आठ दिवसांनी मिळालं. तिसऱ्या बरणीचे जव बाबा पडवीत भाजत होते. मी काँप्युटरच्या क्लासवरून आले तर फाटकापर्यंत करपल्याचा वास. धावत आत गेले. बाबा कढईशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत होते, हातात झारा, आणि कढईतला तळचा थर कोळसा झालेला. धूर त्यांच्या तोंडावरून जात होता. ते पान उलटत होते.

मी शेगडी बंद केली. त्यांनी वर पाहिलं. मग कढईकडे पाहिलं. त्या क्षणी सगळं एकामागून एक माझ्यासमोर आलं. काकडी, वाळा, वही. ते मला शिकवत नव्हते. माझं नाक उसनं घेत होते. आदल्या पावसाळ्यात ते तापानं महिनाभर फणफणले होते. ताप उतरला, आणि जाताना त्यांचं नाक घेऊन गेला.

"डोळा लागला जरा," बाबा म्हणाले.

"हो बाबा. मलाही क्लासमध्ये झोप येत होती," मी म्हणाले, वरचे वाचलेले जव काढून घेतले आणि काळे कुंडीत ओतले.

मे महिन्यात पत्र आलं. कारखाना पुन्हा सुरू होत होता, त्यात कुणी परदेशी भागीदार आला होता, आणि जुन्या चव घेणाऱ्यांना परत घ्यायचं तर आधी चाचणी द्यायची होती. बाबांनी पत्र मोठ्यानं वाचलं. तीन पेले समोर येतील, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखायचा. असं सहा वेळा. बाबा एकदम दहा वर्षांनी तरुण दिसायला लागले. धोब्याकडे शर्ट गेले. आईंनी गजरा बंद केला. "सराव पाहिजे बेटा," बाबा मला म्हणाले, "तू पेले मांड."

पेले स्टीलचे, म्हणजे रंग दिसू नये. तिसऱ्या बरणीतल्या काही बाटल्या सावलीत होत्या आणि एक पांढऱ्या काचेची मी दिवसभर उन्हात ठेवली होती. उन्हात बिअर बिघडते. जिभेला कळत नाही, नाकाला कळतं. ओल्या मांजराचा वास मारते. दोन पेले सावलीचे, एक उन्हाचा. बाबांनी तिन्ही हुंगले, तिन्ही चाखले. पुन्हा हुंगले. कपाळावर घाम आला. त्यांचा हात मधल्या पेल्यावरून पुढं जायला लागला, तो उन्हाचा होता, आणि माझा जीव असा कासावीस झाला की मी काहीतरी सावरायला हात पुढं केला. बांगड्या वाजल्या. लग्नातल्या, हिरव्या काचेच्या, हातभर. बाबांचा हात थांबला. मागं आला. मधल्या पेल्यावर टेकला.

"हा," ते म्हणाले.

"बरोब्बर!" मी ओरडले.

शपथेवर सांगते, पहिल्या वेळी मुद्दाम नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मात्र मुद्दाम होतं. वेगळा पेला खाली ठेवताना मनगट जरासं हलवायचं, बस. बाबा रोज ओळखत. मी रोज टाळ्या वाजवत असे. वहीत बरोबरच्या खुणांची रांग वाढत होती आणि मला वाटत होतं, कुणी सांगावं, सरावानं खरंच येत असेल. आता त्यांना हुंगूनच कळत असेल, बांगड्या उगीच वाजतायत. माणूस स्वतःच्या लबाडीवर किती लवकर विश्वास ठेवतो! आई दारातून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "तुझ्या बांगड्या लै बोलायल्यात गं आजकाल." मी मान खाली घातली.

चाचणीच्या दिवशी आईंनी बाबांच्या तळहातावर दही-साखर ठेवली. बाबांनी ती खाल्ली, हात धुतला, साध्या साबणानं. स्कूटर कोपऱ्यावरून वळेपर्यंत आम्ही दोघी फाटकात उभ्या होतो. मग आई आत गेल्या आणि मी पडवीत जाऊन बसले. कूलर बंद होता. बरण्या रिकाम्या, पालथ्या. मी मनगट हलवून बघितलं. तिथं पेले कोण मांडत असेल, असं पहिल्यांदाच माझ्या मनात आलं. झालेलं असं होतं की मी त्यांना सराव दिलाच नव्हता. मी त्यांना नुसती आशा दिली होती.

बाबा तीनच्या सुमाराला आले. हेल्मेट काढलं, खुंटीला लावलं. पाणी मागितलं. तांब्या संपेपर्यंत प्यायले. मग माझ्याकडे बघून हसले.

"तिथं बांगड्या नव्हत्या गं," म्हणाले.

मला वाटलं होतं रागावतील. मग वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं. मी काही बोलणार तोच त्यांनी हात वर केला. "पहिल्या वेळी अंदाज मारला. तो बरोबर आला, बघ! दुसऱ्या वेळी पेला उचलला आणि वाटलं, कायको? उद्या माझ्या अंदाजावर बिघडलेला माल बाहेर जाईल. पेला खाली ठेवला. म्हटलं, साहेब, मला वास येत नाही. वर्ष होत आलं." त्यांनी रिकामा तांब्या खाली ठेवला. "पहिल्यांदाच बोललो मोठ्यानं."

"मग ती ताकाची..." मी विचारलं. "ती तरी?"

"आंबट? आंबट कळतं की. जीभ शाबूत आहे. तू रडकुंडीला आली होतीस म्हणून बोललो नाही." मग आईंकडे वळून, जरा भीत भीत म्हणाले, "तुला सांगणार होतो."

आई पाटावर बसून शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला ठावं होतं. वर्षभर रोज गजरा माळायले. एकदा बी नाव ठेवलं नाहीत. तवाच कळलं." आणि शेंगा सोलत राहिल्या, पण टरफलं कुठं आणि दाणे कुठं पडतायत याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

म्हणजे एका घरात तीन माणसं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होती. सगळ्यांच्या मुठी झाकलेल्या. इतकी माया आणि इतकी भित्री.

त्यानंतर बाबा पुष्कळ वर्षं होते. बिअर पुन्हा केली नाही. यीस्टनं त्याच जूनमध्ये राम म्हटला. नवरा परत आला, मुलगा झाला, शहरात उंच काचेच्या इमारती आल्या. परवाच मुलगा मला तिकडच्या एका बिअर करणाऱ्या हॉटेलात घेऊन गेला. तिथं छोट्या छोट्या पेल्यांतून सगळ्या प्रकारांची चव देतात. मी एक हुंगला आणि म्हणाले, "काकडी. देठाकडची." वेटरनं मेन्यू पुढं केला. मुलगा म्हणाला, "आई, प्लीज." त्याला आजोबा आठवतात, पण त्यांचं अक्षर वाचता येत नाही. वही माझ्या कपाटात आहे. त्यातली बरोबरच्या खुणांची रांग मी कधी खोडली नाही.

पण मला जे सांगायचं ते त्याच दिवसाचं, चाचणीच्या दिवसाचं. पाच वाजले असतील. उन्हं पेरूच्या झाडात शिरली होती. बाबा उठले, फ्रिजमधून तिसऱ्या बरणीतली शेवटची बाटली काढली, सावलीतली, आणि दोन पेले घेऊन पडवीत आले. या वेळी काचेचे. बाटली उघडताना फस्स झालं. त्यांनी दोन्ही पेले भरले. एक माझ्यापुढं सरकवला, आणि माझ्या हाताकडे बोट दाखवून म्हणाले, "आता त्या नकोत. तोंडानं सांग."

मी बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या. पेला नाकाशी धरला. ते थांबले, पेला ओठांपासून एक वीत लांब धरून, डोळे मिटून.

"पाव," मी म्हणाले. "भट्टीतून आत्ता काढलेला. कापड झाकलेला."

त्यांनी एक घोट घेतला. मान हलवली.

"मागं संत्र्याची साल. वाळलेली. आणि... गच्चीवरचं ऊन, जव वाळत टाकले होते तेव्हाचं."

आणखी एक घोट.

आत आईंनी देवाला दिवा लावला. मोगऱ्याचा गजरा तबकात होता, तोही मी सांगितला. खोबरेल सांगितलं, शेंगांची ओली टरफलं सांगितली, रस्त्यावर कुणीतरी नुकतंच मारलेलं पाणी सांगितलं. मी बोलत होते तोवर ते घोट घेत होते. मी थांबले, की ते पेला तसाच धरून थांबायचे.